सुतावरून गुन्हेगार, आणि मध्ये आलेले गॅमा किरण

आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलमध्ये बोगदा आला, नेटवर्क गेलं, नाहीतर इयरफोन घरीच राहिले, की वाचता यावं म्हणून आपण तो टाकतो. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे काय की’ थोडे कमी केलेत.

आपल्याकडे म्हणतात, सुतावरून स्वर्ग गाठणं. टोमणा म्हणून म्हणतात. एवढ्याशा गोष्टीवरून कुठल्या कुठे पोचायचं! पण फॉरेन्सिक लॅबमध्ये काही लोक पगार घेऊन नेमकं हेच करतात. कपड्याला चिकटलेलं एक सूत घेतात आणि त्यावरून एका घरापर्यंत, एका गाडीपर्यंत पोचतात. आजचा प्रश्न असा, की त्या सुतावर किरणोत्सर्गाचा मारा झाला तर ते सूत तेच राहतं का? आणि नसेल राहत, तर त्याच्यावर उभा असलेला खटला कशावर उभा राहणार?

प्रश्न सायन्स फिक्शनसारखा वाटतो ना? पण तो खऱ्या घटनांमधून आलाय. एकेक करून बघू.

अटलांटाचा गालिचा

आधी सूत काय सिद्ध करू शकतं ते बघू. फ्रान्समध्ये ल्यों शहरात १९१० साली एडमंड लोकार यांनी पोलिसांसाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली, न्यायालयाच्या इमारतीच्या माळ्यावर. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व अगदी साधं आहे. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की दोघींचं काहीतरी एकमेकींवर राहतं. तुम्ही सोफ्यावर बसलात की सोफ्याचे धागे तुमच्या पँटला, तुमच्या पँटचे सोफ्याला.

आता १९७९ ते १९८१ या काळातलं अमेरिकेतलं अटलांटा. शहरात एकामागून एक कृष्णवर्णीय मुलं आणि तरुण नाहीसे होत होते आणि नंतर त्यांचे मृतदेह सापडत होते. अनेक मृतदेहांवर पिवळसर हिरव्या रंगाचे जाड नायलॉनचे धागे मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आडवा छेद तीन पाकळ्यांसारखा दिसत होता, पण नेहमीसारखा नाही, जरा वेगळाच. असे धागे गालिच्यात वापरतात.

फेब्रुवारी १९८१ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली की पोलिसांना मृतदेहांवर धागे मिळतायत. त्यानंतर मृतदेह नदीत सापडायला लागले, अंगावर जवळजवळ कपडे नसलेले. कोणीतरी बातमी वाचली होती आणि पुरावा धुऊन टाकायला सुरुवात केली होती. म्हणून पोलीस पुलांवर पाळत ठेवून बसले. २२ मे १९८१ च्या पहाटे चॅटाहूची नदीवरच्या एका पुलाखाली पाण्यात मोठा आवाज झाला आणि पुलावरून जाणारी एक गाडी थांबवली गेली. गाडी चालवत होता वेन विल्यम्स.

त्याच्या घरात हिरवा गालिचा होता. शोध घेत घेत तपास धागा बनवणाऱ्या कंपनीपर्यंत आणि मग गालिचा बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला. त्या रंगाचा तो गालिचा थोडाच काळ आणि मोजक्या राज्यांमध्ये विकला गेला होता. विक्रीच्या आकड्यांवरून सरकारी पक्षानं अंदाज मांडला की अटलांटा परिसरात साधारण ७,७९२ घरांमागे एका घरात असा गालिचा असेल. त्याला जोड मिळाली पलंगपोसाच्या जांभळट अ‍ॅसिटेट धाग्यांची, गाडीतल्या गालिच्याची आणि कुत्र्याच्या केसांची. २७ फेब्रुवारी १९८२ रोजी दोन प्रौढ व्यक्तींच्या खुनांसाठी विल्यम्स दोषी ठरला. आपण निर्दोष आहोत असं तो सतत सांगत आलाय, आणि तो आकडा किती गृहीतकांवर उभा आहे यावरही वाद झालेत. २०१९ मध्ये अटलांटाच्या महापौरांनी जुने पुरावे नव्या तंत्रानं पुन्हा तपासण्याची घोषणा केली.

या गोष्टीतून दोन मुद्दे लक्षात ठेवा. एक, त्या खटल्याचा कणा धागेच होते. दोन, जवळजवळ चाळीस वर्षांनी पुरावे पुन्हा बाहेर काढायची वेळ आली. म्हणजे पुरावा फक्त पहिल्या खटल्यापुरता नसतो. पुढची पिढी त्याला नवे प्रश्न विचारू शकते. पण त्यासाठी तो मधल्या काळात बदललेला नसावा लागतो.

लोकर, अँथ्रॅक्स आणि कोबाल्ट

आता जरा मागे जाऊ. धागे आणि किरणोत्सर्ग यांची भेट गुन्ह्यामुळे झाली नाही. ती झाली एका रोगामुळे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड हे लोकरीचं मोठं केंद्र होतं. बाहेरच्या देशांतून मोहेर आणि अल्पाका येई, आणि ती निवडणारे कामगार अचानक आजारी पडून दोन-चार दिवसांत मरत. त्या आजाराला नावच पडलं होतं ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’. १८७९-८० च्या सुमारास तिथले डॉक्टर जॉन हेन्री बेल यांनी दाखवून दिलं की हा अँथ्रॅक्स आहे, आपण जनावरांमध्ये ज्याला काळपुळी म्हणतो तोच. अँथ्रॅक्सचे जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत स्वतःभोवती कवच बनवून झोपी जातात. त्यांना बीजाणू म्हणतात. ते वर्षानुवर्षं लोकरीत तसेच राहतात आणि धुळीबरोबर छातीत जातात.

यावर उपाय म्हणून ब्रिटिश सरकारनं १९२१ साली लिव्हरपूलला खास केंद्र उघडलं. तिथे धोकादायक लोकर साबणाच्या पाण्यात धुऊन फॉर्मलडिहाइडमधून काढत. उपाय चालायचा, पण किचकट होता. मग १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या डँडेनाँगमध्ये, एका गालिचे बनवणाऱ्या कंपनीनं बकरीच्या केसांचे गठ्ठे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली ठेवायला सुरुवात केली. गठ्ठा फोडायची गरज नाही, ओला करायची गरज नाही, किरण आरपार जातात. जगातला पहिला व्यापारी गॅमा निर्जंतुकीकरण प्रकल्प म्हणून याचं नाव घेतलं जातं.

म्हणजे बघा, गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण हा जो आज एवढा मोठा उद्योग आहे, त्याची सुरुवात धाग्यांपासून झाली. गालिच्याच्या धाग्यांपासून! आणि आपल्या तुर्भ्याला, ट्रॉम्बेत, १९७४ पासून ‘आयसोमेड’ हा प्रकल्प हेच करतोय. दवाखान्यातला कापूस, बँडेजचं गॉझ, सिरिंज. पाकीटबंद माल आत जातो आणि निर्जंतुक होऊन बाहेर येतो. जखमेवर लावलेला कापूस कदाचित कोबाल्टसमोरून फिरून आला असेल, आणि आपल्याला त्यात काहीच वेगळं जाणवत नाही. का जाणवत नाही, ते पुढे येईल.

पत्रं पिवळी पडली

२००१. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला आठवडा झाला होता. १८ सप्टेंबर आणि ९ ऑक्टोबरचे शिक्के असलेली काही पत्रं न्यू जर्सीतल्या ट्रेंटनहून माध्यमांच्या कार्यालयांना आणि दोन सिनेटरांना गेली. आत अँथ्रॅक्सच्या बीजाणूंची पूड होती. ५ लोक मेले, १७ आजारी पडले. मेलेल्यांमध्ये टपाल खात्याचे कर्मचारीही होते, कारण पत्रं छाटणाऱ्या यंत्रांत पाकीट दाबलं जातं आणि बारीक पूड कागदाच्या छिद्रांतून बाहेर येते.

सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात पत्र १५ ऑक्टोबरला उघडलं गेलं. दुसरं पत्र, सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाचं, पिनकोड चुकीचा वाचला गेल्यामुळे भलत्याच खात्याकडे गेलं होतं. अडवून ठेवलेल्या टपालाची पिंपंच्या पिंपं चाळल्यावर १६ नोव्हेंबरला ते सापडलं. म्हणजे लाखो निरुपद्रवी पत्रांच्या ढिगात एक पत्र हा गुन्ह्याचा मुख्य पुरावा होता. आणि ढीग तर निर्जंतुक करायचाच होता, कारण कर्मचारी मरत होते.

वॉशिंग्टनचं टपाल ट्रक भरभरून ओहायोतल्या लिमा गावी गेलं. नंतर न्यू जर्सीतही सोय झाली. तिथे त्याच्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला गेला. डोस साधारण ५६ किलोग्रे.

हा आकडा किती मोठा आहे? ग्रे म्हणजे एक किलो वस्तूत मुरलेली एक ज्यूल ऊर्जा. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून देतात तो डोस १०० ग्रेच्याही खाली असतो. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला निदान ४०० ग्रे. माणसाच्या सगळ्या शरीराला ४-५ ग्रे एकदम मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर जगण्याची शक्यता निम्म्यावर येते. दवाखान्यातल्या कापसाला २५,००० ग्रे. आणि त्या पत्रांना ५६,०००.

गणित करून बघू, आपली सवयच आहे ती. ५६ किलोग्रे म्हणजे किलोमागे ५६ किलोज्यूल. एवढ्या ऊर्जेनं एक किलो पाणी साधारण १३ अंशांनी तापेल. कागदाला तापायला पाण्यापेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते, त्यामुळे तो ४० अंशांच्या आसपास तापू शकतो. गठ्ठ्यात बांधलेला असेल तर ती उष्णता लवकर बाहेरही पडत नाही. परत आलेली पत्रं पिवळी पडली होती, कडक झाली होती, घडीवर तुटत होती. प्लास्टिकच्या खिडक्या आणि वेष्टनं वितळून चिकटली होती. ती हाताळणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनी डोकेदुखीची आणि डोळे चुरचुरण्याची तक्रार केली. टपालाची तिकिटं आणि कागदपत्रं जपणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेच्या लोकांनी या परिणामांचा अभ्यास केला, कारण त्यांच्याकडे येणारं टपालही त्याच वाटेनं येत होतं.

आता कागद म्हणजे काय? सेल्युलोज. आणि कापूस म्हणजे काय? तोही सेल्युलोजच. कागदाची ही गत, तर पाकिटात अडकलेल्या एखाद्या सुती धाग्याचं काय झालं असेल? इथून आपला प्रश्न खऱ्या अर्थानं सुरू होतो.

लागलेलं आणि झेललेलं

त्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो कायम असतो. वस्तूवर किरण पडणं वेगळं आणि वस्तूला किरणोत्सारी पदार्थ लागणं वेगळं. उन्हात वाळत घातलेली साडी घरात आणली की ती स्वतः ऊन देत नाही. गॅमा किरण झेललेला कापूसही तसाच, तो स्वतः किरणोत्सारी होत नाही. पण त्याच साडीला हळद लागली तर ती हळद घेऊन फिरते, आणि जिला लागेल तिलाही पिवळी करते. किरणोत्सारी पदार्थाची धूळ ही अशी हळद आहे.

दुसऱ्या प्रकाराचं मोठं उदाहरण लंडनचं. १ नोव्हेंबर २००६ रोजी अलेक्झांडर लिटविनेंको या माजी रशियन गुप्तहेरानं मिलेनियम हॉटेलच्या पाइन बारमध्ये चहा घेतला. २३ नोव्हेंबरला तो मेला. विष होतं पोलोनियम-२१०. ते जवळजवळ फक्त अल्फा कण सोडतं, म्हणून नेहमीच्या गॅमा तपासणीत पकडलं गेलं नाही. ब्रिटनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात, ऑल्डरमास्टनला, लघवीच्या नमुन्यावरून ते ओळखलं गेलं.

मग पोलीस माग काढत निघाले. हॉटेलच्या खोल्या, विमानातल्या सीट, चहाची किटली. या सगळ्यात एका संशयिताच्या हॉटेलमधला एक हात पुसायचा टॉवेलही होता, धुलाईला जाणाऱ्या कपड्यांत पडलेला आणि प्रचंड दूषित. २०१६ च्या चौकशी अहवालानं दोन रशियन व्यक्तींना जबाबदार धरलं. दोघांनीही आरोप नाकारलेत. पण आपल्या दृष्टीनं बघा, टॉवेल म्हणजे धागेच. सांडलेलं पुसलं गेलं आणि धाग्यांनी ते धरून ठेवलं.

आता तपासणाऱ्याच्या जागी उभे राहा. समजा, त्याच टॉवेलवर मला दुसऱ्या कोणाच्या कोटाचा एखादा धागा शोधायचाय. पोलोनियमचा अल्फा कण पाण्यात किंवा मांसात साधारण ४० मायक्रोमीटर जातो आणि थांबतो. कापसाचा धागा १०-२० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे पोलोनियम ज्या धाग्याला चिकटलंय त्याला ते आरपार भोसकतं, पण शेजारच्या कपाटातल्या धाग्याला स्पर्शही करत नाही. एकाच टॉवेलवर एक धागा झोडपलेला आणि दुसरा जसाच्या तसा, असं होऊ शकतं.

आणि थांबून राहणं हाही निर्णयच असतो. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, दोनेक वर्षं पुरावा बंद ठेवला तर बरंच निवतं. कोबाल्ट-६० चं ५.२७ वर्षं. सीझियम-१३७ चं ३० वर्षं. एवढा काळ खटला थांबत नाही, आणि धागा पेटीत बसून मार खात राहतो तो वेगळाच.

धाग्याच्या आत काय घडतं?

धागा म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या, एकमेकींना खेटून लावलेल्या. ऊर्जावान किरण आला की तो इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि साखळीवर ‘मुक्त मूलक’ तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. एक हात रिकामा राहिलेला आणि कोणालाही पकडायला टपलेला असा हा रेणूचा तुकडा. पुढे दोन शक्यता असतात. एकतर साखळी तुटते, नाहीतर शेजारच्या साखळीला चिकटते. कुठला धागा कुठल्या वाटेनं जाणार, हे तो कशाचा आहे यावर ठरतं.

कापसात तुटणं जिंकतं. त्याच्या एका साखळीत ग्लुकोजच्या हजारो कड्या असतात. त्या मधेच तुटत जातात, धागा कमजोर होतो, मग पिवळसर पडतो. २५ किलोग्रेला बँडेजचं काम भागतं, कारण जखमेवर ठेवायला फार ताकद लागत नाही. म्हणूनच आपल्याला फरक जाणवत नाही. पण यंत्रानं मोजला तर फरक असतो.

पॉलिएस्टर चिवट. त्याच्या साखळीत बेंझिनची वलयं असतात, आणि ती आलेली ऊर्जा वाटून घेतात, जिरवतात. लोकरही तशी बऱ्यापैकी तग धरते, पण डोस खूप वाढला की तिच्यातले गंधकाचे पूल तुटतात आणि ती पिवळी पडते. नायलॉनमध्ये तुटणं आणि चिकटणं दोन्ही चालतं, हवा आहे की नाही यावरही ते अवलंबून असतं. अ‍ॅक्रिलिकचा रंग बदलतो, पिवळसर-तपकिरी होतो. आणि सगळ्यात वाईट हाल पॉलिप्रोपिलीनचे. किरण थांबल्यावरही त्याच्यात ऑक्सिजनबरोबरची विघटनाची प्रक्रिया महिनोन् महिने चालू राहते. सिरिंज बनवणाऱ्यांना म्हणूनच खास प्रकारचं पॉलिप्रोपिलीन वापरावं लागतं. पुराव्याच्या पेटीत मात्र कोणी खास प्रकारचा धागा ठेवत नाही. गुन्हेगाराच्या दोरीचा जो असेल तो असतो.

आणि मग रंग. रंगद्रव्याचा रेणू नाजूक असतो. तो तुटला की रंग फिका पडतो किंवा बदलतो. डिटर्जंटमधली ‘जास्त पांढरं’ दाखवणारी द्रव्यं अतिनील प्रकाशात निळी चमकतात, त्यांची चमकही बदलू शकते.

कोर्टात याचा अर्थ काय?

लॅबमध्ये दोन धागे शेजारी ठेवतात. एक घटनास्थळाचा, दुसरा संशयिताच्या वस्तूचा. तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाडी, छेद, रंग बघतात. ध्रुवीकृत प्रकाशात बघतात. अतिनील प्रकाशात चमक बघतात. मग प्रत्येक तरंगलांबीला धागा किती प्रकाश शोषतो त्याचा आलेख काढतात, आणि अवरक्त किरणांनी रसायन ओळखतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन फाइलींवर डिफ चालवतात. एक जरी फरक असा निघाला की ज्याचं स्पष्टीकरण देता येत नाही, तर निकाल असतो ‘हे एका ठिकाणचे नाहीत’.

आता दोन्ही धागे एकाच कोटाचे आहेत, पण एक किरणांतून गेलाय आणि दुसरा कपाटात होता. आलेख जुळणार नाहीत. चमक जुळणार नाही. तज्ज्ञ प्रामाणिकपणे सांगेल की जुळत नाहीत. आणि खरा गुन्हेगार त्या प्रामाणिकपणावर सुटेल.

उलटही होऊ शकतं, जरी शक्यता कमी असली तरी. वेगवेगळे रंग उडून सगळे धागे एकाच मळक्या पिवळ्याकडे सरकले, तर त्यांना वेगळं ओळखण्याची ताकदच घटते. अटलांटात हिरव्या रंगाची ती विशिष्ट छटा फार मोलाची होती. ती छटा गेली असती तर ७,७९२ मधला एक हा अंदाज मांडायला आधारच उरला नसता. मग ‘धागा जुळतो’ या वाक्याचं वजन काय राहिलं असतं? आणि त्या वाक्यावर एखादा निरपराध अडकला तर?

पण सगळंच बदलत नाही, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. धाग्याचा आकार कारखान्यात ठरतो. तीन पाकळ्यांचा छेद, जाडी, चमक कमी करायला मिसळलेले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण, हे सगळं धागा अखंड आहे तोवर बरंचसं टिकतं. म्हणजे किरणांतून गेलेल्या धाग्याला प्रश्न विचारताना आधी आकाराबद्दल विचारायचं, आणि रंगाच्या साक्षीवर एकट्यानं विसंबायचं नाही.

अजून एक गंमत आहे. सेल्युलोजच्या घट्ट रचलेल्या भागात ते मुक्त मूलक अडकून पडतात आणि दीर्घकाळ तसेच राहतात. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स नावाच्या तंत्रानं ते मोजता येतात. पिस्त्याच्या कवचावरून तो पिस्ता किरणांतून गेलाय का, हे अन्न तपासणारे याच तंत्रानं ओळखतात. सुती कापडही अशी नोंद ठेवू शकतं. म्हणजे धाग्यावर काय गुजरलं, त्याचा थोडाफार लॉग धाग्यातच असतो. वाचता आला पाहिजे एवढंच.

मग करतात काय?

पहिला मार्ग, पुराव्याला हातच न लावता माणसाला वाचवायचं. अमेरिकेत सॅव्हाना रिव्हर इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत एफबीआयसाठी, आणि ब्रिटनमध्ये ऑल्डरमास्टनला, अशा जागा केल्यात जिथे किरणोत्सारी पुरावा बंद काचपेटीत ठेवून, भिंतीतून आत गेलेल्या हातमोज्यांनी तपासता येतो. धागा चिमट्यानं उचलायचा, फोटो घ्यायचा, चिकटपट्टीवर घ्यायचा, सगळं काचेआड. काम हळू होतं आणि महाग पडतं, पण धागा तसाच राहतो.

दुसरा मार्ग, आधी काढून घ्या आणि मग निर्जंतुक करा. अँथ्रॅक्ससारख्या जैविक धोक्यात हा क्रम कळीचा आहे. धागे, ठसे, डीएनए यांचे नमुने सुरक्षित खोलीत आधी घ्यायचे, उरलेल्या वस्तूवर नंतर किरण सोडायचे.

तिसरा मार्ग, किरण टाळताच आले नाहीत तर तुलनेचा नमुनाही तेवढ्याच डोसमधून काढायचा. संशयिताच्या कोटाचे दोन धागे घ्या, एक तसाच ठेवा, दुसऱ्याला पुराव्याइतकाच डोस द्या, मग तिन्ही शेजारी ठेवा. पण त्यासाठी पुराव्याला नक्की किती डोस मिळाला हे लिहून ठेवलेलं पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या अणुविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी नैसर्गिक आणि कृत्रिम धाग्यांना मुद्दाम गॅमा किरणांखाली ठेवून अशा प्रश्नांचा अभ्यास केलाय. ज्या देशात बकरीचे केस कोबाल्टसमोर ठेवायला सुरुवात झाली, तिथेच पन्नासेक वर्षांनी हा प्रश्न विचारला गेला.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल, तर २०१० ची दिल्लीतली मायापुरी आठवा. दिल्ली विद्यापीठानं वर्षानुवर्षं न वापरलेलं कोबाल्ट-६० चं एक यंत्र भंगारात विकलं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. अनेकांना किरणबाधा झाली आणि एक जण मेला. तिथे खून नव्हता, निष्काळजीपणा होता. पण किरणोत्सारी घटनास्थळ भारतात कसं दिसू शकतं, याचं उत्तर तिथे मिळालं. ते भंगाराच्या दुकानासारखं दिसतं. तिथल्या माणसांचे कपडे, पोती, चिंध्या हे उद्या कुठल्याही खटल्यात पुरावा असू शकतात.

घाबरायचं मात्र कारण नाही. विमानतळावरच्या बॅगेच्या एक्स-रेनं धाग्याला काही होत नाही, तो डोस आपल्या कांद्याच्या डोसच्याही कितीतरी खाली असतो. प्रश्न येतो तो हजारो ग्रेंच्या पातळीवर, म्हणजे मुद्दाम निर्जंतुक केलं तेव्हा, किंवा पुरावा तीव्र स्रोताला चिकटून बराच काळ राहिला तेव्हा.

माझ्या कामात एक साधा नियम आहे. ज्या सर्व्हरमध्ये गडबड झालीय, त्याच्यावर सफाईची स्क्रिप्ट चालवायच्या आधी लॉगची कॉपी काढून ठेवायची. सफाई करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला सिस्टिम चालू करायची असते. लिमाला टपालावर किरण सोडणाऱ्यांचा हेतूही माणसं वाचवायचा होता, आणि तो बरोबरच होता. पण सर्व्हरच्या लॉगची कॉपी काढता येते. धाग्याची काढता येत नाही. म्हणून किरण सोडणाऱ्या माणसानं बटण दाबायच्या आधी पुरावा तपासणाऱ्या माणसाशी बोलावं, आणि किती डोस दिला ते एका कागदावर लिहून त्या पेटीला लावावं. चाळीस वर्षांनी कोणी ती पेटी उघडली तर धागा पिवळा का दिसतो हे त्याला कळायला हवं. त्यावर कोणाचा तरी तुरुंगवास, किंवा कोणाची तरी सुटका, अवलंबून असू शकते.

आजच्यापुरतं एवढंच. आवडलं असेल तर तुमच्या एखाद्या क्राइम सिरीजवेड्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.